लेहहून पोर्ट ब्लेअर किती लांब? कागद-पेन्सिलीनं काढायची रीत

इंटरनेटवर कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, अंतर आणि उड्डाणाची वेळ लगेच समोर येते. त्या दोन ठिकाणांमध्ये कुणी विमान उडवतं का, उडवू शकेल का, याच्याशी त्या हिशेबाला काही देणंघेणं नसतं. लेह आणि पोर्ट ब्लेअर टाकलं की साधारण २,९३५ किलोमीटर आणि पावणेचार-चार तास असं उत्तर मिळतं. वाचणाऱ्याला वाटतं, वा! लडाखमध्ये नाश्ता आणि अंदमानात दुपारचं जेवण.

माझ्या पुतणीलाही तसंच वाटलं. तिचा नवरा फौजेत, सध्या लेहला. तिची बँकेतली बदली झाली पोर्ट ब्लेअरला. आमच्या साताऱ्याकडे कितीतरी घरांत कुणी ना कुणी सीमेवर असतंच, त्यामुळे नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला याचं कुणाला नवल नाही. तिचा फोन आला, "काका, चारच तास लागतात म्हणे. मग शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून जाऊन येता येईल ना?"

मी वायुदलात नेव्हिगेटर होतो. अंतर म्हटलं की आमचा हात अजूनही आधी पेन्सिलीकडे जातो. तिला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण ही रीत कुठल्याही दोन आडबाजूच्या विमानतळांना लागू पडते. सामान फार लागत नाही: कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

आधी दोन टिंबं पक्की करा

गावाच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड घ्या. लेहचा आयएक्सएल, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. भारतात आय-एक्सनं सुरू होणारे कोड ढीगभर आहेत. जम्मू आयएक्सजे, चंदीगड आयएक्ससी, बागडोगरा आयएक्सबी आणि आपलं छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू. शेवटचं एक अक्षर चुकलं तर अंदमानऐवजी वेरूळच्या लेण्यांचं अंतर काढून बसाल.

कोडचा दुसरा फायदा म्हणजे नाव बदललं तरी तो बदलत नाही. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. काही ठिकाणी जुनं नाव दिसतं, काही ठिकाणी नवं, तर काही ठिकाणी विमानतळाचं, म्हणजे वीर सावरकरांचं. आयएक्सझेड टाकलं की तिन्ही एकाच जागी येतात. लेहचा विमानतळ कुशोक बकुला रिंपोछे यांच्या नावाचा आहे. लडाखचे हे लामा पुढे मंगोलियात भारताचे राजदूत होते. मराठी माणूस अंदमानला जाताना सावरकरांना आठवतो, तशी लडाखी माणसाला त्यांची आठवण येते.

आता अक्षांश-रेखांश. लेहचा विमानतळ ३४ अंश ८.२ मिनिटं उत्तर, ७७ अंश ३२.८ मिनिटं पूर्व. पोर्ट ब्लेअरचा ११ अंश ३८.५ मिनिटं उत्तर, ९२ अंश ४३.८ मिनिटं पूर्व. इथे एक खड्डा आहे. ३४ अंश ८ मिनिटं म्हणजे ३४.०८ नव्हे. मिनिटं साठात मोजतात, म्हणून त्यांना ६० नं भागायचं. मग लेह ३४.१३६ आणि ७७.५४६, पोर्ट ब्लेअर ११.६४१ आणि ९२.७३०. वेगवेगळ्या ठिकाणांहून आकडे उचलताना एकीकडे मिनिटं आणि दुसरीकडे दशांश असं हमखास होतं. दोन्ही एकाच साच्यात आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेन्सिलीनं अंतर

अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. सागरी मैल आला तोच मुळी इथून, आणि विमानवाले अजून त्याच मैलात बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंशही ६० मैलांचाच असतो, पण उत्तरेला सरकावं तशा या रेघा जवळ येत जातात, छत्रीच्या काड्या टोकाशी येतात तशा. किती जवळ, ते अक्षांशाचा कोसाइन सांगतो. ३० अंशांवर ०.८६६, ६० अंशांवर बरोबर निम्मं.

मग हिशेब असा. अक्षांशांतला फरक ३४.१३६ वजा ११.६४१, म्हणजे २२.४९५ अंश. रेखांशांतला फरक ९२.७३० वजा ७७.५४६, म्हणजे १५.१८४ अंश. दोन्ही अक्षांशांची सरासरी २२.८९, तिचा कोसाइन ०.९२१. रेखांशातला फरक त्यानं गुणला की १३.९९. आता शाळेतला पायथागोरस काढा. २२.४९५ चा वर्ग ५०६, १३.९९ चा वर्ग १९५.७, बेरीज ७०१.७ आणि तिचं वर्गमूळ २६.४९. हे झालं अंशांत अंतर. ६० नं गुणलं की १,५८९ सागरी मैल, आणि १.८५२ नं गुणलं की २,९४३ किलोमीटर.

पृथ्वी गोल धरून काढलेलं बिनचूक उत्तर २,९३५ च्या आसपास येतं. म्हणजे तीन हजार किलोमीटरांत फरक दहाच्या आत. धावपट्टीभोवती एक चक्कर मारून उतरायला विमान याहून जास्त अंतर कापतं. भारतातल्या भारतात कुठल्याही दोन विमानतळांसाठी ही पायथागोरसची रीत बेलाशक वापरा.

ध्रुवाकडे मात्र ती साफ कोसळते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन घ्या (७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व) आणि अलास्काच्या उत्तर टोकाचं उत्कियाग्विक (७१.२९ उत्तर, १५६.७७ पश्चिम). पायथागोरस इथे सुमारे ५,०९० किलोमीटर सांगतो, खरं अंतर ३,३८० च्या आत-बाहेर आहे. कारण दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, आणि विमान अक्षांशाच्या कडेनं वळसा न घालता सरळ माथ्यावरून जाईल. तिथे तर कोसाइनही लागत नाही. लाँगइयरब्येन ध्रुवापासून ११.७५ अंश, उत्कियाग्विक १८.७१ अंश. बेरीज ३०.४६, गुणिले ६०, म्हणजे १,८२८ सागरी मैल. तोंडी हिशेब, आणि चूक जेमतेम चार मैलांची.

बिनचूक सूत्र हवंच असेल तर तेही देतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज करून तिचा उलटा कोसाइन काढा. येतील ते अंश, त्यांना ६० नं गुणलं की सागरी मैल. आपल्या जोडीसाठी ०.११३२ अधिक ०.७८२४, म्हणजे ०.८९५६. त्याचा उलटा कोसाइन २६.४१ अंश. कॅल्क्युलेटर रेडियनवर नसून डिग्रीवर आहे ना, एवढं आधी बघा. तीस अंशांचा साइन काढून पाहा. ०.५ आला तर ठीक.

रेघ कुणाच्या डोक्यावरून जाते?

या पायरीला सगळे टांग मारतात, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. अंतर काढलं, आता ती रेघ नकाशावर ओढून बघा. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन टिंबांवर दोरा ताणून धरा. नसेल तर एखाद्या नकाशाच्या ॲपमध्ये अंतर मोजायची पट्टी टाका.

लेहहून रेघ निघते आग्नेयेला, साधारण १४५ अंशांवर. दोनशे-अडीचशे किलोमीटर गेलं की ती भारताबाहेर पडते आणि पश्चिम तिबेटवर जाते, म्हणजे चीनच्या ताब्यातल्या आकाशात. मग कुमाऊंच्या माथ्याला घासून नेपाळच्या पश्चिम भागातून खाली उतरते. उत्तर प्रदेशात शिरते ती थेट बलरामपूर-सिद्धार्थनगरच्या पट्ट्यात. पुढे बलिया-बक्सरच्या जवळून, जमशेदपूरच्या बाजूनं, आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूरजवळ ती समुद्राला लागते. चांदीपूर म्हणजे आपली क्षेपणास्त्रं जिथून उडतात तेच. चाचणी असली की बंगालच्या उपसागराचा एक मोठा तुकडा विमानांना बंद होतो.

आता सांगा, या रेघेवरून लेहचं प्रवासी विमान कोण नेणार? चीनची हद्द सोडाच. नुसते डोंगर बघितले तरी लेहपासून सपाटीपर्यंत या रेघेवर आठशेहून जास्त किलोमीटर पहाडच पहाड आहेत. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत झटकन खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतात. खाली वीस हजार फुटांची शिखरं असतील तर उतरणार कुठे? म्हणून लेहचं विमान हिमालय जिथे लवकर संपतो तिथून नेतात. दक्षिणेला सरळ खाली आलं की साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरांत पंजाब-हरियाणाची सपाटी लागते.

म्हणजे २,९३५ हा आकडा गणित म्हणून बरोबर आहे आणि मार्ग म्हणून निरुपयोगी. त्याचा उपयोग एकच: खरा मार्ग याहून किती लांब पडतो ते तपासायला तो पाया म्हणून धरायचा.

तुकड्यांनी मोजा

खरा मार्ग विमानं जिथे बदलायची त्या गावांवरून जातो, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा काढा. लेह–दिल्ली ३३५ सागरी मैल, म्हणजे ६२० किलोमीटर. दिल्ली–पोर्ट ब्लेअर १,३४१ मैल, म्हणजे सुमारे २,४८३ किलोमीटर. बेरीज ३,१०३. सरळ रेघेपेक्षा १६८ किलोमीटर जास्त, म्हणजे शेकडा सहासुद्धा नाही. दिल्ली वाटेत नाही असं वाटतं खरं, पण वळसा नगण्य आहे.

दिल्लीहून कोलकात्याला जाऊन पुढे गेलात तर १,३१३ आणि १,३०६ असे दोन तुकडे पडतात आणि एकूण ३,२३९ होतात. तेही चालण्यासारखं. चेन्नईवरून मात्र दिल्ली–चेन्नई १,७६० आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर १,३७२ धरून ३,७५२ होतात, सरळ रेघेहून आठशे किलोमीटर जास्त. पुष्कळांच्या डोक्यात अंदमान म्हणजे चेन्नईच्या समोर, आणि तसं ते आहेच. तरी कोलकाता पोर्ट ब्लेअरला चेन्नईपेक्षा थोडं जवळ पडतं, हे नकाशा उघडल्याशिवाय लक्षात येत नाही.

अंतरावरून वेळ

नेहमीचं जेट विमान पस्तीस हजार फुटांवर ४५० नॉटनं, म्हणजे ताशी ४५० सागरी मैल किंवा सुमारे ८३३ किलोमीटरनं जातं. सागरी मैलांना ४५० नं भागा आणि आलेल्या वेळेत ३५ मिनिटं मिळवा. ही ३५ मिनिटं म्हणजे धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, उतरायच्या रांगेतलं वळसे घेणं आणि शेवटी पार्किंगपर्यंत पोचणं. ती कशी आली म्हणाल तर अनुभवानं आली, आणि पडताळून बघता येते.

लेह–दिल्लीचे ३३५ भागिले ४५० केले की ४५ मिनिटं, अधिक ३५, म्हणजे एक तास वीस. दिल्ली–पोर्ट ब्लेअर २ तास ५९ अधिक ३५, म्हणजे तीन तास चौतीस. कोलकाता–पोर्ट ब्लेअर २ तास ९. चेन्नई–पोर्ट ब्लेअर २ तास १४. कुठल्याही विमान कंपनीचं वेळापत्रक उघडा, याच्याच आगेमागे आकडे दिसतील. तुमचा आकडा आणि वेळापत्रक यांत तासाभराचा फरक आला तर एकतर विमान मध्ये कुठे थांबतंय, नाहीतर ते पंख्याचं आहे. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ४५० ऐवजी २७० धरा.

आता वारा. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं सहन करा.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून, साधारण २५ ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला जेट म्हणतात आणि तो १०० नॉट सहज गाठतो. आपण आग्नेयेला निघालोय, म्हणजे हा वारा पूर्ण पाठीमागून येत नाही, तिरका येतो. १०० नॉटांपैकी ५७ आपल्याला ढकलतात आणि ८२ आडवे लागतात. आडवा वारा विमानाला बाजूला नेऊ बघतो, म्हणून नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं आणि त्यात सात-आठ नॉट खर्च होतात. म्हणजे जमिनीवरून बघितलं तर जाताना वेग ५०० नॉट, येताना ३८५.

समजा हा वारा वाटेतल्या ५३० मैलांवर आहे. वारा नसता तर ते अंतर ७१ मिनिटांत कापलं असतं. जाताना ६४ लागतात, येताना ८३. जाताना सात मिनिटं कमावली आणि येताना बारा घालवली. वारा जाताना देतो तेवढंच येताना घेतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. तो नेहमी जास्तच घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान त्या वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ अडकतं. परतीचं तिकीट काढताना, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, दिल्लीत पुढच्या विमानासाठी ठेवलेला वेळ यामुळेच आखडतो.

पावसाळ्यात चित्र पालटतं. पश्चिमेचा जेट हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा जेट उभा राहतो. तेव्हा अंदमानला जाताना थोडा अडथळा आणि येताना थोडी मदत. पण पावसाळ्यात वेळ खातात ते ढग. उपसागरावरच्या गडगडाटी ढगांना वळसा घालावाच लागतो, आणि त्याचं गणित कागदावर होत नाही. वीस मिनिटं हातची धरा.

फाटक उघडं कधी असतं?

आतापर्यंतचा हिशेब म्हणतो: दिल्लीमार्गे हवेतला वेळ एकूण पाच तास. पुतणी खूश झाली. "पाच म्हणजे फार नाही काका." तिला म्हटलं, थांब जरा, विमानतळाचं घड्याळ बघू.

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे, दहा हजार सहाशे फुटांहून उंच. तिथली हवा मुळातच विरळ. ऊन चढलं की ती आणखी विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. मग तेवढ्याच धावपट्टीवरून उठायचं तर माणसं तरी कमी घ्यायची नाहीतर सामान तरी. त्यात दुपारनंतर दरीत वारा सुटतो. आजूबाजूला डोंगर असल्यामुळे एका बाजूनं उतरायचं आणि उलट्या बाजूला उडायचं अशी तिथली रीत, आणि उतरतानाही वैमानिकाला दरी डोळ्यांनी दिसावी लागते. म्हणून लेहची प्रवासी विमानं मुख्यतः सकाळी चालतात. ढग बसले, धूळ उठली, बर्फ पडलं की विमान वरून घिरट्या घालून दिल्लीला किंवा चंदीगडला परत जातं. तो कुणाचा हलगर्जीपणा नव्हे. तिथे तसंच उडायचं असतं.

पोर्ट ब्लेअरला उंचीचा प्रश्न नाही, धावपट्टी समुद्राच्या पातळीलगत आहे. पण ती नौदलाची आहे. आयएनएस उत्क्रोश हा नौदलाचा हवाई तळ, आणि प्रवासी विमानं त्याच्याच धावपट्टीवर उतरतात. जुलै २०२३ मध्ये उद्घाटन झालेली शंखशिंपल्याच्या आकाराची नवी इमारत ऐसपैस आहे, तरी धावपट्टी तीच. तिकडची बरीचशी विमानं सकाळपासून दुपारपर्यंतच्या वेळेत असतात.

आणखी एक मजा. देशात घड्याळ एकच, ते मिर्झापूरजवळच्या ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावर लावलेलं. पण या दोन गावांत रेखांशाचा फरक १५ अंशांहून थोडा जास्त, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं पुरता एक तास. पोर्ट ब्लेअरला डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेपाचच्या अंधारात पहिल्यांदा उतरणाऱ्याला आपण उशिरा पोचलो असं वाटतं. खरं तर दिवसच लवकर उरकलेला असतो. तिथून पुढे हॅवलॉक किंवा नीलला (आता स्वराजद्वीप, शहीदद्वीप) बोट पकडायची असेल तर हा तास हिशेबात धरा.

आता दोन्ही घड्याळं जोडा. लेहहून सकाळी निघालात तर दिल्लीला दुपारच्या आत किंवा दुपारी पोचता. तोवर पोर्ट ब्लेअरची सोयीची विमानं बहुतेक गेलेली असतात. म्हणजे दिल्लीत रात्र, किंवा संध्याकाळी कोलकाता गाठून तिथे रात्र. उलटं येताना पोर्ट ब्लेअरहून दुपारी निघून संध्याकाळी दिल्ली, आणि लेहचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे. दोन्हीकडून मध्ये एक रात्र पडतेच. हवेत पाच तास, आणि दारापासून दारापर्यंत चोवीस तासांच्या आसपास. वेळापत्रक दर हंगामाला बदलतं, त्यामुळे एखाद्या मोसमात जोड जुळेलही. पण जुळली असं दिसलं तरी मधला वेळ बघा. लेहच्या बाजूनं येताना दिल्लीत तीन तासांपेक्षा कमी असतील तर मी तरी ते तिकीट काढणार नाही.

तिकीट काढताना

दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या. लेहचं विमान रद्द झालं तर पुढचं तिकीट बदलून देण्याची जबाबदारी मग कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात मिळतात, पण पहिलं चुकलं तर दुसऱ्याचे पैसे गेले. मोकळा दिवस ठेवायचा तर तो नेहमी लेहच्या बाजूला ठेवा. अंदमानात अडकलात तर समुद्र तरी बघाल. लेहहून निघताना अडकलात आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचं असेल तर पंचाईत.

सामानाची मर्यादा दोन्ही तिकिटांवर सारखीच आहे का तेही पाहा. लेहहून निघताना वजनाची कडकपणे मोजणी होते, कारण वर सांगितलं ते. तिथे किलोभर जर्दाळूसाठी काउंटरवर हुज्जत घालू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे अंतराच्या आणि वेळेच्या कुठल्याच आकड्यात येत नाही: समुद्रसपाटीवरून लेहला जाणाऱ्याला पोचल्यावर शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. पहिला दिवस पूर्ण विश्रांती, दुसरा दिवस हळूहळू. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं याकडे दुर्लक्ष करून खार्दुंग ला ही उंच खिंड गाठू नका. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोर्ट ब्लेअरहून लेहला जायचं असेल तर प्रवासाच्या वेळेत हे दोन दिवस मिळवायचे. उलट दिशेला ते लागत नाहीत. त्यामुळे अंतर दोन्हीकडून तेच असलं तरी जाणं आणि येणं सारखं नाही.

पुतणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, अर्ध्यावर भेटायचं तर कुठे?" सरळ रेघेचा मध्यबिंदू काढला, तो झारखंडात रांची आणि जमशेदपूर यांच्या मधोमध पडतो. लेहहून जमशेदपूर गाठायचं म्हणजे तिच्या नवऱ्यालाच दोन विमानं आणि एक आगगाडी. वेळेच्या हिशेबानं सोयीची जागा दिल्ली: त्याला एक तास वीस, तिला साडेतीन तास. तो सकाळी उतरेल, ती थेट विमानानं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पोचेल, कुणाची रात्र वाटेत जाणार नाही आणि कुणाचं डोकंही दुखणार नाही. थेट विमान त्या हंगामात नसेल तर कोलकात्यावरून, म्हणजे हवेत चार तास वीस मिनिटं आणि मधला थांबा वेगळा. लेहला तिनं जायचं ते मोठ्या रजेत, मे नंतर, एका आठवड्याच्या हिशेबानं.

"तो साडेतीन तासांत चार वेळा चहा मागवतो," ती म्हणाली, "आणि त्याला फक्त एक तास वीस?" त्यावर माझ्याकडे सूत्र नाही.